आपल्या आळीचा इतिहास गोळा करायचाय? सुरुवात अशी करा

गेली चार वर्षं आम्ही आठ-नऊ जण पुण्यात कसबा पेठेतल्या आमच्या आळीचा इतिहास गोळा करतोय. आमच्यात कोणी इतिहासाचा प्राध्यापक नाही, बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, दोन शिक्षिका, कॉलेजात शिकणारी एक मुलगी, एक इलेक्ट्रिशियन, आणि मी अकाउंट्सची कामं करतो. रविवारी सकाळी भेटतो, दोन तास काम, मग चहा. आता दुसऱ्या पेठांतले, अगदी नाशिक-साताऱ्याचे लोकही विचारतात की आम्हालाही हे करायचंय पण कुठून सुरू करू तेच कळत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. उदाहरणं पुण्याचीच येतील कारण मला तेवढंच नीट माहितीये, पण बाकीच्या जुन्या गावांत कामाची पद्धत फार वेगळी नसते.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. आधी माणसं, मग कागद. आमचं पहिलं वर्ष लायब्रऱ्यांत गेलं, पुस्तकं वाचली, टिपणं काढली, वाटलं की तयारी करून मग लोकांकडे जाऊ म्हणजे नीट प्रश्न विचारता येतील. तेवढ्या वर्षात आळीतली दोन माणसं गेली, दोघंही नव्वदीच्या आसपासची. त्यातले एक आजोबा मला रोज पारावर दिसायचे. दफ्तरातला कागद दोनशे वर्षं थांबलाय तो अजून दोन वर्षं थांबेल, आजोबा थांबत नाहीत.

१. पेठ नको, आळी घ्या

सगळे इथेच चुकतात. "आपण कसबा पेठेचा इतिहास लिहू" असं ठरवलंत की काम संपणार नाही. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती, त्यात तांबट आळी, शिंपी आळी, व्यवहार आळी, कुंभारवाडा, पूर्वी हाताने कागद बनवणाऱ्यांचा कागदीपुरा, प्रत्येकाचा धंदा वेगळा, माणसं वेगळी, देव वेगळे. एक आळी घ्या, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तीस-चाळीस घरं. वहीत हातानेच नकाशा काढा, प्रत्येक घराला नंबर द्या, आणि घरापुढे दोनच गोष्टी लिहा, आज तिथे काय आहे आणि कोणाच्या आठवणीप्रमाणे आधी काय होतं. पहिल्या महिन्यात एवढं झालं तरी भरपूर झालं.

२. सोबत काय लागतं

- जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल (जुन्या कागदांजवळ पेन नेऊच नका, बऱ्याच ठिकाणी नेऊ देतही नाहीत)
- चांगला रेकॉर्डर असलेला फोन आणि पॉवर बँक
- मोजायची टेप, आणि फोटोत वस्तूशेजारी ठेवायला एक फूटपट्टी, म्हणजे मोजमाप कळतं
- स्वच्छ सुती फडकं आणि ट्रेसिंग पेपर
- आधार कार्डाच्या झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो
- आपण कोण, काय करतोय, कशासाठी करतोय हे सांगणारं एका पानाचं मराठी पत्र, खाली ग्रुपमधल्या दोघांचे फोन नंबर

ते पत्र फार कामाला येतं. दारात कोणी अनोळखी माणूस येऊन वाड्याबद्दल विचारायला लागला की लोकांना वाटतं बिल्डरचा माणूस आलाय, आणि आमच्या भागात तसं वाटायला कारणही आहे. पत्र हातात दिलं की निम्मा ताण जातो. उरलेला ओळखीने जातो, त्यामुळे पहिल्या भेटीला आळीतलंच कोणीतरी सोबत न्या.

३. माणसांशी बोलणं

यादी वयाने लावा, सगळ्यात म्हातारं माणूस सगळ्यात वर. तब्येत बरी नसलेलं असेल तर त्याच्याही वर. दोघांनीच जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने रेकॉर्डिंग सांभाळायचं आणि नावं टिपायची. पाच जण गेलात की मुलाखत होत नाही, मैफल होते.

"आजी, जुना इतिहास सांगा ना" असं कधीच विचारू नका. आजी म्हणतात, "अरे मला काय माहिती, मी काय शिकलेय थोडीच", आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी विचारा, लग्न होऊन आलात तेव्हा वाड्यात किती बिऱ्हाडं होती? पाणी कुठून भरायचात? चूल की शेगडी? संडास कुठे होता, रात्री जायला भीती वाटायची का? दळण कुठे? उधारीवर वाणसामान कोण द्यायचं? अशा प्रश्नांवर तास-तासभर बोललेल्या आज्या आहेत, आणि त्यातून आम्हाला जे मिळालं ते कुठल्याही छापील पुस्तकात नाही. बायकांना मुद्दाम वेगळं, दुपारच्या वेळी भेटा. घरातले पुरुष समोर असले की तेच बोलतात आणि आजी चहा टाकायला उठतात.

सालं विचारू नका, प्रसंग विचारा. कोणालाच साल आठवत नसतं पण "पानशेतच्या आधी की नंतर?" याचं उत्तर पुण्यातलं प्रत्येक जुनं माणूस क्षणात देतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तसंच गांधीजींचा खून (३० जानेवारी १९४८), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी. बायका तर अजून पक्कं सांगतात, "थोरला पोटात होता तेव्हा जिना बदलला", मग थोरल्याचा जन्मदाखला बघायचा, जिन्याचं साल मिळालं.

पानशेतबद्दल थोडं जास्त सांगतो कारण पुण्यात हे काम करायचं तर ते टाळताच येत नाही. जुने कागद विचारले की दहापैकी पाच घरांत एकच उत्तर मिळतं, "सगळं पानशेतात गेलं." खरेदीखतं, लग्नाचे फोटो, जन्मपत्रिका, सगळं. आमच्या आळीतल्या एका घरी आजींनी मला आतल्या खोलीत नेलं, कपाट थोडं सरकवायला सांगितलं. मागे भिंतीवर जुना पिवळा चुना तसाच होता आणि त्यावर माझ्या खांद्याच्या वर एक बोटभर जाडीची तपकिरी रेघ. साठ वर्षांत घराला कितीतरी वेळा रंग लागला, पण कपाटामागची तेवढी पट्टी त्यांच्या सासऱ्यांनी रंगवू दिली नाही. त्या म्हणाल्या, "मामंजी म्हणायचे, पाणी इथवर आलं होतं हे पुढच्यांना कळलं पाहिजे." आम्ही जमिनीपासून टेपने मोजलं, फोटो काढला, तारीख घातली. नंतर आळीत अशा अजून तीन रेघा सापडल्या आणि त्या जोडल्यावर आळीचा उतार कुठून कुठे आहे, कुठली घरं थोडक्यात वाचली, हे आपोआप समोर आलं.

आणि पुरानंतर घर गेलेली कुटुंबं कुठे गेली तेही विचारा. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर, अशा ठिकाणी बरीच गेली. आमच्या आळीची सगळ्यात चांगली मुलाखत आळीत झालीच नाही, गोखलेनगरला झाली. आळीत राहिलेल्यांना रोज बदलत गेलेली आळी आठवते, सोडून गेलेल्यांना ती सोडली तेव्हा जशी होती तशी आठवते.

सुरुवातीलाच रेकॉर्डिंगवर तीन गोष्टी बोलून घ्या: आजची तारीख, बोलणाऱ्याचं नाव, आणि "हे आम्ही इतरांना ऐकवलं तर चालेल का, नाव घालू का" याचं उत्तर. नको म्हणाले तर नको. भिंतीवरचं घड्याळ जवळ असेल तर त्यापासून लांब बसा, पंखा बंद करा, दोन्हीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये भयंकर येतो.

४. घरातले कागद आणि फोटो

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ट्रंक आपोआप उघडते, पहिल्या भेटीत मागू नका. काय काय बघायचं: फोटो (मागची बाजू आधी बघा, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलने नावं), लग्नपत्रिका, भाड्याच्या पावत्या, जुनी रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, दुकानाच्या खतावण्या, म्हणजे हिशोबाच्या वह्या. गणपती मंडळांचे जुने वार्षिक अहवाल तर सोडूच नका. त्यात वर्गणीदारांची यादी असते आणि शेवटच्या पानांवर जाहिराती, म्हणजे त्या साली आळीत कुठला दुकानदार होता, काय विकत होता ते छापील मिळतं.

कागद घरी नेऊ नका. तिथेच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, सरळ वरून फोटो काढा. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, आणि कोणी "लॅमिनेट करून ठेवू का" विचारलं तर हात जोडून नाही म्हणा, लॅमिनेशनमुळे कागद कायमचा वाया जातो.

आता सगळ्यात मोठा धोका. आमच्याकडून एकदा एका घरच्या जुन्या वाटणीपत्राचा फोटो ग्रुपच्या व्हॉट्सॲपवर गेला, हेतू चांगलाच होता, अक्षर सुंदर होतं म्हणून टाकला. तो तिथून फिरत फिरत भावकीतल्या दुसऱ्या घरी पोचला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. आम्ही दोन्हीकडे जाऊन माफी मागितली पण ते कुटुंब आमच्याशी पुन्हा बोललं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून नियम असा की मालकी, वाटणी, कर्ज, कोर्ट यांचे कागद फक्त बघायचे, त्यातली साल, सीमा, शेजाऱ्यांची नावं अशी माहिती परवानगी घेऊन वहीत उतरवायची, फोटो काढायचाच नाही.

५. सरकारी कागद

शहरात घराचा सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. ती नगर भूमापन कार्यालयात, म्हणजे सिटी सर्व्हेत मिळते, आता ऑनलाइनही मिळते. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर (कागदांवर सि.स.नं.) लागतो. इथे घोळ असा की पुण्यात जुना म्युनिसिपालिटीचा घरनंबर वेगळा आणि सिटी सर्व्हे नंबर वेगळा, जुन्या पाकिटांवरच्या पत्त्यात बहुतेक पहिला असतो. आम्ही सहा महिने चुकीच्या घराचे कागद काढत बसलो होतो. त्यामुळे तुमच्या यादीत प्रत्येक घरापुढे दोन्ही नंबरांचे वेगळे रकाने करा, सुरुवातीपासूनच.

मिळकत पत्रिकेवर धारकांची नावं आणि फेरफाराच्या, म्हणजे नावं बदलल्याच्या, तारखा असतात. त्याहून चांगली चीज म्हणजे चौकशी नोंदवही, सर्व्हे झाला तेव्हा हे घर तुमच्याकडे कसं आलं याची चौकशी होऊन नोंद झालेली असते. तिची नक्कल अर्ज करून मिळते. कार्यालयात सकाळी लवकर जा, नंबर लिहिलेली चिठ्ठी तयार ठेवा, आणि एका वेळी दोन-तीन घरांचंच मागा. थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं हे खरं, पण रेकॉर्ड रूममधल्या माणसाशी नीट बोललात तर तो जे आपणहून दाखवेल ते अर्जात लिहायला तुम्हाला सुचणारही नाही.

देवळं, तालीम, धर्मशाळा असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात बघा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानंतर ट्रस्टची नोंदणी झाली, त्यात देवळाची मालमत्ता, पहिले विश्वस्त, उत्पन्न हे सगळं लिहून दिलेलं असतं. जुनी शाळा असेल तर तिचं जनरल रजिस्टर, पण त्यात जात-जन्मतारीख असते, हेडमास्तरांनी परवानगी दिली तरच, आणि व्यक्तींची नावं बाहेर काढायची नाहीत.

६. लायब्ररी आणि दफ्तर

आता पुस्तकं. पहिलं काम म्हणजे १८८५ साली निघालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, त्याच्या तिसऱ्या भागात पुण्याचं पेठवार वर्णन आहे. इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतं. वाचताना एवढं लक्षात ठेवा की ते इंग्रज सरकारने आपल्या सोयीसाठी करून घेतलेलं काम आहे, रस्ते-हौद-देवळं यांची माहिती घ्या, जातींबद्दलची शेरेबाजी तशीच्या तशी उचलू नका.

वर्तमानपत्रांसाठी ज्ञानप्रकाश (सुरुवात १८४९) आणि केसरी (१८८१). पुस्तकांसाठी पुणे नगर वाचन मंदिर, ही लायब्ररी १८४८ ची आहे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, इतिहास संशोधक वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं. आणि शेवटी पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे कापडात बांधलेले कागदांचे हजारो गठ्ठे आहेत, त्यांना रुमाल म्हणतात. तिथे पहिल्या वर्षी जाऊच नका. काय शोधायचंय हे नक्की ठरल्याशिवाय रुमाल मागितलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

शोधताना पेठांची जुनी नावं लक्षात ठेवा, नाहीतर कागद समोर असून कळणार नाही. शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार विसापूर, सोमवार शहापूर, मंगळवार अष्टापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, यायलाच हवी असं नाही, पण ग्रुपमधल्या एकाने तरी शिका. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीला क्लास करून दोन-तीन महिन्यांत छापील मोडी वाचता यायला लागली, हस्तलिखितासाठी मात्र वर्षभर सराव लागला. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नावं वाचताना घाई करू नका, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घाला.

तारखांचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: जुन्या कागदांवर वेगवेगळ्या कालगणना असतात, इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एक जास्त मिळवावा लागतो. सुहूर सन आकड्यात नाही, अरबी शब्दांत लिहितात. "तिसा खमसैन मया व अलफ" म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार, झाले ११५९, त्यात ५९९ मिळवले की १७५८, आणि हे साल मृगापासून सुरू होतं म्हणून १७५८-५९ असं लिहायचं. पहिल्यांदा हे आपलं आपल्याला सुटलं ना, तेव्हा आम्ही सगळे वाचनालयात मोठ्याने ओरडलो होतो.

७. भिंती आणि छपरं वाचा

प्रत्येक घरमालक सांगतो की वाडा शिवकालीन आहे. वाद घालू नका, ते काय म्हणाले ते लिहा आणि मग वर बघा. मंगलोरी कौलांच्या पोटावर कारखान्याचं नाव दाबलेलं असतं, आणि मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखानाच १८६५ चा आहे, म्हणजे ते छप्पर तरी त्यानंतरचं. लोखंडी तुळई असेल तर तिच्या कडेला बनवणाऱ्या कंपनीचं नाव उठवलेलं असतं, रंगाखाली लपतं, बोटाने चाचपलं की लागतं. याचा अर्थ वाडा नवा असा नाही हं, आग लागली, पूर आला, छप्पर बदललं, असं असू शकतं. छपराचं साल आणि जोत्याचं (घराखालच्या दगडी चौथऱ्याचं) साल वेगवेगळं लिहा.

हौद आणि आड विसरू नका. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणलं, काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून चौकांना आहेत. तुमच्या आळीत बुजवलेला आड असेल तर जागा नकाशावर दाखवा.

८. गोष्टी एकापेक्षा जास्त असतात

पुण्यात देवांची नावं बघा, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा. एकेका नावामागे तीन-तीन गोष्टी. खरी कुठली हे ठरवायच्या मागे लागू नका. तिन्ही लिहा, प्रत्येकीसमोर कोणी सांगितली, कधी सांगितली. आमच्या वहीत चार रकाने आहेत: काय सांगितलं, कोणी, कुठल्या तारखेला, आणि त्यांना ते कसं माहिती (स्वतः पाहिलं की ऐकलं). चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकाच वाड्याबद्दल दोन शेजारी वेगळं बोलतात तेव्हा बहुतेक वेळा एकाने पाहिलेलं असतं आणि दुसऱ्याने वडिलांकडून ऐकलेलं.

९. साठवण

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलचं नाव तारीख, घरनंबर, विषय असं ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती, एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर (दुसऱ्या माणसाच्या घरी), एक ऑनलाइन ड्राइव्हवर. हे कंटाळवाणं आहे, पण मुलाखत झाली त्याच रात्री करायचं.

१०. आळीला परत द्या

लोकांनी दिलेलं त्यांना परत दाखवलं नाही तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाही. पुस्तक काढायच्या फंदात लगेच पडू नका. आम्ही गणपतीत मंडळाच्या मांडवाशेजारी दोऱ्या बांधून चिमट्यांनी फोटोंच्या मोठ्या प्रिंट लावतो, मालकांना विचारून निवडलेले तीस-चाळीस. दहा दिवसांत बाहेर राहायला गेलेली माणसंही आळीत येतात. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद आणि बाजूला दोरीला बांधलेलं पेन ठेवायचं.

पहिल्या वर्षी एक फोटो होता, पन्नासच्या दशकातला असावा, तालमीसमोर बारा पोरं उभी. आम्हाला त्यातली चारच नावं मिळाली होती. विसर्जनाच्या आदल्या रात्री मी कागद काढायला गेलो तर बारापैकी अकरा नावं भरली होती, सात-आठ वेगवेगळ्या अक्षरांत, आणि डावीकडून तिसऱ्या पोराखाली कोणीतरी थरथरत्या हाताने लिहिलं होतं, "हा मी."